चौथा रकाना

दोंडाईच्यात डिसेंबरात वर्गाची खिडकी उघडता येत नाही.
मागं मिरचीच्या पथाऱ्या. वारा फिरला
की अख्खी आठवी ब शिंकते
आणि मी सांगते, शिंकल्यावर 'एक्स्क्यूज मी' म्हणावं.
बेचाळीस जण एकदम म्हणतात.
मग पुन्हा शिंकतात.

धडा भाषेच्या कार्यांचा.
वाक्य कसं आहे ते नव्हे, वाक्य काय करतं ते बघा,
असं पुस्तकात आहे; मी तेच जरा हळू सांगते.
फळ्यावर चार रकाने:
विनंती, परवानगी, दिलगिरी, तक्रार.

'प्लीज'पाशी अडले.
तुमच्या बोलीत ह्याला काय म्हणता, विचारलं
तर भटू पाटील उठून म्हणाला,
'शब्द नही मॅडम. माय म्हनस, पानी दे ना भाऊ.
त्या ना-मा शे तुमनं प्लीज.'
मी तो 'ना' फळ्यावर लिहिला,
रकान्यांच्या बाहेर, कोपऱ्यात.

परवानगी सगळ्यांना पाठ.
'मे आय कम इन' आत येऊन, बाकावर बसून,
दप्तर ठेवून मग म्हणतात.
एक अंजना मालचे तेवढी उंबऱ्यावर थांबते
आणि म्हणत काहीच नाही.
पहाटे आईबरोबर देठं खुडून येते,
बोटं भाजतात म्हणून पेन रुमालात धरते.
जूनपासून तिचा आवाज
हजेरीपलीकडे मी ऐकला नव्हता.
तीही कधी कधी शेजारचीच देते.

आज चौथा रकाना. नाटुकलं करायचं होतं:
एक दुकानदार, एक गिऱ्हाईक,
साखर कमी भरली, एवढंच.
दुकानदार व्हायला भावेश गिरासे धावत आला.
बापाची मिरचीची गादी; बसायची ढब त्याला येते.
टेबलावर मांडी, खडूचा डबा हा गल्ला.
गिऱ्हाईक कोण?
माना खाली.
मी तोंडाला येईल तो आकडा म्हणाले: एकोणीस.

अंजना उठली.
फळ्यावर मी चांगलं मऊसूत वाक्य लिहून ठेवलेलं,
'आय ॲम अफ्रेड' पासून सुरू होणारं.
तिनं तिकडं बघितलंच नाही.
'द वेट इज लेस.'
'शुगर?' भावेशनं गल्ला वाजवत विचारलं.
'मिरची.'
थांबली. बोटं रुमालात.
'फोर्टी किलो. यू राइट थर्टी-सिक्स. एव्हरी डे.'
मग इंग्रजी संपलं असावं.
'काटा परत लाव ना.'

मागच्या बाकावर कुणी हसलं, मग तेही थांबलं.
भावेशचा हात डब्यावरून खाली आला.
त्याचं वाक्य तिसऱ्या रकान्यात तयार होतं,
सकाळीच घोकून घेतलेलं:
'वुइ आर सॉरी फॉर द इनकन्व्हीनियन्स.'
ते त्यानं म्हटलं नाही.
टेबलावरून उतरला, बुटांकडे बघत पुटपुटला,
'काटा मना नही शे. पप्पास्ना शे.'

माझ्या हातात खडू होता.
कुठल्या रकान्यात लिहू, ते सुचेपर्यंत घंटा झाली.
लोटनभाऊंनी आज दोन टोले जास्तच दिले.

पथारीवर पुढं काय झालं,
विचारायला गेले नाही.
बसस्टँडला रोज त्याच रस्त्यानं जाते.

चाचणीत दोन गुणांचा प्रश्न मीच काढला:
'द वेट इज लेस.' कार्य ओळखा.
एक्केचाळीस जणांनी लिहिलं, तक्रार.
भावेशनंही; एकदा खोडून, पुन्हा तेच.
अंजनानं लिहिलं,
माहिती देणे.

नमुना उत्तरात हे नाही.
मी एक गुण दिला.
दुसरा द्यावा की नाही, पेन उघडंच आहे अजून,
खिडकी घट्ट लावलेली,
तरी नाक हुळहुळतंय.